चंद्र्याचं लक्ष

अर्जुनरावाचा बैल पटात हरला तो लक्ष उडालं म्हणून, असं आमच्या गावात अजूनही सांगतात. ते खोटं आहे. त्या दिवशी मैदानावर दोन हजार माणसं होती आणि बावीस जोड्या होत्या, आणि एवढ्या जमावात आपल्या कामावर चित्त ठेवून असलेला जीव एकच होता. तो म्हणजे चंद्र्या. हे मी जबाबदारीनं लिहितो. सेकंदाचा काटा असलेलं गावातलं एकमेव घड्याळ माझ्या मनगटावर होतं, आणि केवळ तेवढ्या पात्रतेवर मला पंच नेमलं होतं.

पट म्हणजे शंकरपट, बैलजोड्यांची शर्यत. महाराष्ट्र होऊन चार वर्षं व्हायची होती. जानेफळपासून दीड कोसावर आमचं गाव. माघात रानं मोकळी झाली की ओढ्याकाठच्या पडीक जमिनीवर पट भरायचा. साडेतीनशे पावलांचे दोन पट्टे, मध्ये नांगरानं ओढलेलं एक तास, एका वेळी दोन जोड्या. पटाची छकडी म्हणजे दोन चाकं आणि एक दांडा. त्यावर हाकणारा जेमतेम टेकतो. त्याला धुरकरी म्हणतात. पडला तरी धुरकरीच म्हणतात.

अर्जुनराव हा आमचा भाजीवाला शेतकरी. चार एकर कोरडवाहू, आणि विहिरीखाली अर्धा एकर मिरची, वांगी, मेथी. त्याच्याकडे बैल एकच. त्याच्या बांधाला बांध लागून सहदेवाचं रान, आणि सहदेवाकडेही बैल एकच. एका बैलावर नांगर चालत नाही आणि मोटही चालत नाही, म्हणून आमच्याकडे असे दोघं मिळून जोडी करतात. एक दिवस तुझ्या रानात, एक दिवस माझ्या. याचा कागद नसतो, साक्षीदार नसतात. अर्जुनरावाचा चंद्र्या आणि सहदेवाचा लाल्या, ही जोडी नऊ वर्षं चालली. नवराबायकोत पडतात तेवढीसुद्धा भांडणं त्या दोघांत पडली नव्हती. बैलांत पडत होती, पण ती बैल आपसात मिटवत.

मग शंकररावांचा एक बैल पान लागून, म्हणजे साप चावून, मेला.

शंकरराव म्हणजे ऐंशी एकरांचे मालक. मेलेला बैल पटाचा होता, आणि उरलेल्या बैलाला जोड मिळेना. उंची जमली तर शिंगं जमत नव्हती, शिंगं जमली तर रंग जमत नव्हता. शेवटी कुणीतरी त्यांना सांगितलं की तुमच्या बैलाचा सख्खा भाऊ शोभेल असा बैल गावातच आहे, सहदेवाचा लाल्या. शंकररावांनी निरोप धाडला : एक लाल्या द्या, बदल्यात कामाचे दोन बैल घ्या.

ही बातमी अर्जुनरावाला मोटेवर कळली, म्हणजे सहदेवाला विचारल्यावर कळली. गावाला ती चार दिवस आधीपासून ठाऊक होती.

"सहदेवा, एक आयकलं बे म्या."

"काय?"

"शंकरराव लाल्याच्या बदल्यात दोन बैल देऊन राह्यले म्हणते."

सहदेव विडी पेटवत होता. त्यानं ती जरा जास्तच वेळ पेटवली.

"म्हणून तं राह्यले."

"मंग तू काय म्हटलं?"

"म्या हो बी नाही म्हटलं अन् नाही बी नाही म्हटलं."

"नाही म्हणायले काय झालं व्हतं?"

"लेका, दोन बैल हायेत ते. रोज मोट, रोज नांगर. तुह्या दिवसाची वाट पाहाचं काम नाही, माह्या दिवसाची तुले नाही."

"मले काऊन नाही? माह्याजवळ एकच राहीन ना. माह्या मिरचीले काय मी लोट्यानं पाणी घालू?"

सहदेव वाईट माणूस नव्हता, हीच त्याची अडचण होती. वाईट माणसानं सरळ सांगितलं असतं की भाऊ, तुझं तू पाहा. सहदेव विडीकडे पाहत राहिला आणि मग त्यानं एक तोडगा काढला. तो तोडगा त्याला त्या क्षणी खरोखरच सुचला असावा असं मी धरून चालतो.

"असं करू," तो म्हणाला, "औंदा पटात आपली जोडी उतरवू. जिंकलो तं जोडी मोडत नाही. पट जिंकलेली जोडी कोन मोडते? शंकररावाच्या तोंडावर सांगीन."

"अन् हरलो तं?"

"हरलो तं मंग मले अडवू नको."

"बैलाच्या पाठीवर हात ठेवून सांग."

आमच्याकडे बैलाच्या पाठीवर हात ठेवून बोललेलं मोडत नाहीत. सहदेवानं हात ठेवला. चंद्र्या जवळ होता म्हणून त्याच्याच पाठीवर ठेवला.

आता चंद्र्याविषयी. चंद्र्या ताकदीला कमी नव्हता, चालीला कमी नव्हता. त्याला फक्त जगात फार रस होता. नांगराला असला तरी बांधावरून कोण गेलं, कुणाच्या डोक्यावर काय आहे, ओढ्याकडे कुत्री का भुंकताहेत, याची तो दखल घेई. आदल्या वर्षी हीच जोडी हौसेनं पटात उतरवली होती. अर्ध्या वाटेत उसाच्या रसाच्या चरकाचे घुंगरू वाजले. चंद्र्या थांबला. पुढे पेरूवाली बाई दिसली, तिथं पुन्हा थांबला. ती पेरू घेऊन उठून पळाली, तेव्हा तो चालू लागला. बावीस जोड्यांत त्यांचा नंबर एकविसावा आला. बाविसाव्या जोडीचं चाक निखळलं होतं.

सहदेवानं शब्द दिला त्याच सुमारास आमच्या गावाला नवे ग्रामसेवक आले. पंचायत समिती नुकतीच झाली होती आणि तिच्याकडे भाताच्या जपानी लागवडीची चित्रं शिल्लक पडली होती. ती चित्रं ग्रामसेवकांनी चावडीच्या भिंतीला लावली आणि भातावर पाऊण तास भाषण केलं. आमच्या तालुक्यात भात फक्त ताटात दिसे, तोही लग्नात. लोक शांतपणे ऐकत होते. शेवटी ग्रामसेवक म्हणाले, "जपानी शेतकरी पुढे का गेला? तो एका वेळी एकच काम करतो. मनासमोर एकच गोष्ट ठेवतो. बाकी कशाकडे बघत नाही. तुम्हीही मनासमोर एकच गोष्ट ठेवा."

एवढ्या मोठ्या भाषणातलं हे वाक्य एकट्या अर्जुनरावानं मनावर घेतलं. आपल्या मनाचा त्याला भरवसा नव्हता, म्हणून ते त्यानं बैलाला लावायचं ठरवलं.

चंद्र्यासमोर एकच गोष्ट ठेवायची, पण कोणती? अर्जुनराव स्वतः धुरकरी, म्हणजे बैलाच्या मागे. पुढे कुणीतरी हवं. चंद्र्याला सहदेव आवडायचा. जोडी जुंपताना सहदेव त्याला रोज सरकीच्या ढेपेचा तुकडा देई, खामगावच्या गिरणीतली ताजी ढेप, आणि देताना "ये बाप्पा, ये" म्हणे. तेव्हा ठरलं की सहदेवानं पट्ट्याच्या शेवटाला उभं राहायचं. डोक्याला लांबून दिसेल असा लालभडक फेटा. हातात डालड्याचा रिकामा डबा, त्यात ढेपेचे खडे. डबा वाजवायचा, हाक मारायची, बैल पोचला की ढेप द्यायची. मध्ये कुठं थांबला तर ढेप नाही.

कार्तिकापासून रोज सकाळी हा अभ्यास सुरू झाला. पहिल्या आठवड्यात चंद्र्या चार ठिकाणी थांबे, दुसऱ्यात दोन. मग अर्जुनराव मुद्दाम अडथळे मांडू लागला. वाटेत कडबा टाकला. शेजारच्या पुंजाजीची गाय आणून बांधली. पुंजाजी हा गावचा म्हातारा, त्याला दुसरं काम नव्हतं. तो गाईशेजारी बसून तिलाही पाहू लागला आणि बैलालाही.

"काय करून राह्यला बे अर्जुना?"

"बैलाले शिकवून राह्यलो, आबा. एका गोष्टीकडे पाहाचं."

"अन् माही गाय कायले बांधली?"

"तिच्याकडे नाही पाहाचं."

"मंग तं तिले घरीच राहू द्यायची व्हती," पुंजाजी म्हणाला.

मार्गशीर्षापर्यंत चंद्र्या गाईकडे पाहीनासा झाला. एकदा जानेफळहून लग्नाचं वऱ्हाड बँडबाजा घेऊन रस्त्यानं चाललं होतं. अर्जुनरावानं त्यांना हात जोडून पट्ट्याशेजारी उभं केलं आणि वाजवायला लावलं. नवरदेव घोड्यावर ताटकळला. चंद्र्या वाऱ्यासारखा निघून गेला. त्यानं बँडकडे कान केला नाही, नवरदेवाकडे डोळा केला नाही. डबा, फेटा आणि सहदेव. एवढंच जग त्याला उरलं होतं.

अर्जुनरावाची बायको गोजरबाई हे सारं पाहत होती. मिरची तोडताना ती एकदा म्हणाली, "एक इचारू का? बैल तुमचा हाय का सहदेवभाऊचा?"

"काऊन?"

"काल सहदेवभाऊ बांधावर पाणी पित व्हते, तं तुमचं तास तिकडंच वाकडं गेलं. मी पाह्यलं."

"पटापुरतं हाय ते."

"त्याले काय मालूम पटापुरतं हाय ते?"

अर्जुनराव पुढची मिरची तोडू लागला. तो मनासमोर एकच गोष्ट ठेवून होता.

आणि सहदेव? संक्रांतीनंतर सहदेवाचा उत्साह दुणावला. आधी तो उजाडल्यावर येई, आता उजाडायच्या आत येऊ लागला. ढेपेचे खडे मोठे झाले. तो डबा वाजवायचा ते नुसतं शेवटाला उभं राहून नव्हे. कधी पट्ट्याच्या डावीकडे जाई, कधी उजवीकडे. म्हणे, "बैलाले आवाज कुठूनबी कळला पाह्यजे." अर्जुनराव हरखून जाई. मला शाळेत येऊन म्हणाला, "मास्तर, जोडीदार असावा तं असा. जिंकलो तं त्याचे दोन बैल बुडणार हायेत, अन् तरी माह्याहून जास्त राबून राह्यला."

मी म्हणालो, "खरं आहे." मीही तसंच समजत होतो. नंतर मोठा जाणता ठरण्याची संधी मी तिथं गमावली.

पटाचा दिवस आला. सकाळच्या फेऱ्यांत अर्जुनरावाची जोडी चारदा धावली आणि चारही वेळा जिंकली. सहदेव लाल फेट्यात शेवटाला उभा, डबा वाजतोय, चंद्र्या सरळ रेषेत. लोक बोटं तोंडात घालत होते. गेल्या वर्षी पळालेली पेरूवाली या वेळी मुद्दाम पट्ट्याला लागून बसली होती, आणि बैल आपल्याकडे बघतही नाही याचं तिला थोडं वाईट वाटलेलं दिसलं. दुपारपर्यंत दोनच जोड्या उरल्या. एक ही, आणि दुसरी शंकररावांची. त्यांनी आपल्या बैलाला तात्पुरता एक पाहुणा बैल जोडला होता. शिंगं जमत नव्हती, पण पळत होता.

शेवटची फेरी. मी पट्ट्याच्या मध्यावर होतो, हातात घड्याळ. तिथून दोन्ही टोकं दिसत होती, म्हणून मी जे पाहिलं ते अर्जुनरावाला सुरुवातीच्या रेषेवरून दिसलं नाही. तो छकडीवर टेकला, डोळ्यांवर हात धरून त्यानं शेवटाकडे पाहिलं, लाल फेटा दिसला, समाधानानं मान हलवली आणि कासरा सैल केला.

लाल फेटा होता. पण फेट्याखाली सहदेव नव्हता. शेवटाच्या रेषेवर झेंड्यासाठी एक खांब पुरला होता, त्या खांबाला कुणीतरी फेटा बांधला होता. सहदेव बोडक्या डोक्यानं पट्ट्याच्या डावीकडे, ऐंशी-नव्वद पावलं बाजूला, बाभळीखाली उभा होता. तिथं शंकररावांची बैलगाडी सोडलेली होती. डबा त्याच्या हातात होता.

मला वाटलं, पाणी प्यायला गेला असेल. मी ओरडून सांगायला हवं होतं. पण पंचानं ओरडायचं नसतं, आणि मी माझ्या घड्याळाकडे पाहत होतो.

रुमाल पडला. दोन्ही जोड्या सुटल्या. पहिली दीडशे पावलं चंद्र्या आणि लाल्या एक छकडी पुढे होते. मग डबा वाजला.

दोन हजार माणसं ओरडत होती, हलगी वाजत होती, रसवंतीचे घुंगरू होते, त्यात त्या डब्याचा आवाज मला नीट आला नाही. चंद्र्याला आला. माणूस फेट्यावर फसला होता. बैल फसला नाही. त्यानं खांबाकडे पाहिलंसुद्धा नाही. त्यानं मान डावीकडे केली आणि वेग जराही कमी न करता वळला. लाल्याला सरळ जायचं होतं, पण लाल्यानं एका गोष्टीकडे पाहायचा अभ्यास केलेला नव्हता, त्यामुळे त्याचं काही चाललं नाही. जोडी पट्ट्याबाहेर गेली. माणसं दोन्ही बाजूंना पांगली. कडब्याच्या पेंढ्या उडाल्या. अर्जुनराव कासरा ओढत, चंद्र्याला नावानं हाका मारत मागे झुलत होता. एका दगडावर चाक चढलं तेव्हा तो खाली आला आणि छकडी त्याच्यावाचून पुढे गेली.

बाभळीपाशी चंद्र्या थांबला. मी सवयीनं घड्याळ पाहिलं. ती त्याची आजवरची सगळ्यात चांगली वेळ होती. ती मी कुठं लिहिली नाही. "जोडी पटाबाहेर," एवढंच लिहिलं.

लोक हसत होते. अर्जुनराव उठला. कोपर सोलवटलं होतं, धोतर फाटलं होतं. तो बाभळीपर्यंत चालत गेला आणि मीही मागोमाग गेलो. चंद्र्या सहदेवाच्या हातातून ढेप खात होता. तेवढं मात्र सहदेवानं पाळलं. बैलाला कबूल केलेली ढेप दिली, आणि नेहमीपेक्षा दोन खडे जास्तच दिले.

"इथं काऊन उभा व्हता तू?" अर्जुनरावानं विचारलं.

"ऊन लागत व्हतं."

"माघातलं?"

सहदेवानं डबा दुसऱ्या हातात घेतला.

"अन् फेटा खांबाले कोन बांधला?"

"वाऱ्यानं उडत व्हता म्हणून..."

"सहदेवा, माह्याकडे पाह्य."

सहदेव चंद्र्याच्या गळ्याखाली हात फिरवत होता. त्यानं पाहिलं नाही. म्हणाला, "संक्रांतीलेच शंकररावाले हो म्हटलं म्या."

"संक्रांतीले."

"हाव."

"म्हणजे हे सव्वा महिना तू रोज पहाटे येत व्हता ते..."

"आता काय सांगू," सहदेव म्हणाला.

अर्जुनराव खाली बसला. कोपराला लागलेली माती झाडू लागला. ती झाडून झाल्यावरही झाडत राहिला.

"तोंडानं म्हटलं असतं तं," तो म्हणाला. "येऊन म्हटलं असतं, की अर्जुना, मले दोन बैल भेटून राह्यले, मी जातो."

"तू आयकलं असतं?"

अर्जुनरावानं खरंच विचार केला. तेवढ्यापुरता तो प्रामाणिक होता. "नसतं आयकलं," तो म्हणाला. "भांडलो असतो. तुह्या घरासमोर येऊन बसलो असतो. गोजरीले तुह्या बायकोकडे पाठवलं असतं. पण मंग तू गेला असता अन् म्या म्हटलं असतं, सहदेव गेला. आता काय म्हणू? लोक म्हणून राह्यले अर्जुन्याचा बैल येडा हाय."

"लोक चार दिवस म्हणतीन."

"माह्या बैलाच्या पाठीवर हात ठेवला व्हता तू. अन् त्याच्याच हातानं..." बैलाला हात नसतात हे त्याच्या लक्षात आलं असावं. तो थांबला. "तुले बैल द्यायचा व्हता तं द्यायचा व्हता. माह्या बैलाकडून काऊन करोलं?"

शंकररावांचा गडी तेवढ्यात दोर घेऊन आला. लाल्याच्या मानेवरचं जू काढलं. नऊ वर्षांत पहिल्यांदा ते या दोघांऐवजी तिसऱ्यानं काढलं. लाल्या शंकररावांच्या बैलाशेजारी उभा राहिला आणि खरंच सख्ख्या भावासारखा शोभला. तेवढं शंकररावांचं चुकलं नव्हतं.

बैल पाहुणा गेला, म्हणजे आपलं काम सोडून दुसऱ्याच्या दारी गेला, अशी म्हण त्या दिवसापासून गावात चंद्र्यावरून पडली. पोरं त्याला पाहून डबे वाजवू लागली. पण रिकाम्या डब्याला तो भुलत नव्हता. त्याला सहदेवाचाच डबा पाहिजे होता.

अर्जुनरावाची मोट सतरा दिवस बंद राहिली. गोजरबाईनं विहिरीतून घागरी ओढून मिरची वाचवली, तीही अर्धी. मेथी गेली, वांग्यांची फुलं गळाली. बोलण्यासारखं ती आधीच बोलून चुकली होती. मग तिच्या भावानं, महादेवरावानं, वरवट बकालहून एक म्हातारा बैल पाठवला. तो पाच दिवस चालत आला आणि आल्यावर तीन दिवस उठला नाही. पण उठल्यावर कामाला बरा निघाला.

सहदेवाला शंकररावांकडून मिळालेले दोन्ही बैल उत्तम निघाले. अशा गोष्टीत त्यातला एक तरी बसका निघावा अशी वाचकाची अपेक्षा असते. माझीही होती. ते आजन्म राबले.

दोघांचं बोलणं बंद झालं. बांध एकच, त्यामुळे बोलणं बंद ठेवायला दोघांनाही रोज मेहनत पडत होती. एक अलीकडे आला की दुसरा पलीकडे जाई.

मृगाचा पाऊस झाला आणि ज्वारीची पेरणी आली. तिफणीला चंद्र्या आणि वरवटचा म्हातारा. अर्जुनराव तिफण धरून, गोजरबाई चाड्यावर मूठ सोडत. पहिलं तास सुतासारखं निघालं. दुसरं तास सहदेवाच्या बांधाकडे तोंड करून होतं, आणि पलीकडे सहदेव आपली जोडी घेऊन उभा होता. चंद्र्यानं मान केली. तास असं वाकलं की बघणाऱ्याला वाटावं, पेरणारा झिंगलेला आहे. अर्जुनरावानं ओढलं, दाबलं, चाबूक उगारला. मारला नाही. तिसऱ्या तासाला पुन्हा तेच.

अर्जुनराव तिफण थांबवून उभा राहिला. वाकडी पेरणी म्हणजे पुढे डवरणी, म्हणजे कोळपणी, वाकडी, वर्षभर सारं गाव रस्त्यानं जाताना हसणार. आणि चंद्र्याला दोष देता येत नव्हता. तो शिकवलेलं करत होता.

"त्याले सांग," तो गोजरबाईला म्हणाला.

"काय सांगू?"

"म्हणा, आमचं तोंड तिकडं असलं की दिसू नको. खाली बस म्हणा."

गोजरबाई बांधावर गेली. काय बोलली ते मला ऐकू आलं नाही; मी रस्त्यावर होतो, शाळेतून घरी चाललो होतो. पण सहदेवानं मान हलवली हे दिसलं. त्यानं आपली जोडी सोडून लांब लिंबाखाली बांधली, आणि अर्जुनरावाची तिफण आपल्याकडे वळली की तो बांधाआड खाली बसू लागला. तिफण पाठ फिरवून निघाली की उठायचा, चार पावलं काम करायचा. पुन्हा वळली की पुन्हा बसायचा. पन्नाशीचा माणूस, गुडघे धरून उठतोय, बसतोय. पहिले दोन दिवस मी रस्त्यानं जाता-येता हे पाहिलं. कुणी त्याला हे करायला भाग पाडू शकलं नसतं. त्याचं रान, त्याचा बांध. तो उभा राहिला असता तर अर्जुनरावाचं काही चाललं नसतं. पण तो बसत होता, आणि त्याचं स्वतःचं पेरणीचं काम मागं पडत होतं.

तिसऱ्या दिवशी शेवटची तीन तासं उरली होती. मी बांधाजवळच थांबलो होतो. ओल्या मातीत बसून बसून असेल, सहदेवाला खोकला आला. त्यानं दाबून पाहिला. नाही दाबला गेला.

चंद्र्या थांबला. कान उभे, मान बांधाकडे. म्हातारा बैलही थांबला, त्याला कारण लागत नसे. गोजरबाईनं मूठ आवळून धरली. बांधापलीकडे पुन्हा एकदा खोकला आला, तोंडात शेला कोंबल्यासारखा.

अर्जुनराव बांधाकडे पाहून मोठ्यानं म्हणाला, पण बायकोला म्हणाल्यासारखं, "त्याले म्हणा, खोकून घे. मी थांबतो."

मग खोकला आला, आता मोकळा, बराच वेळ. सहदेवाचं डोकं काही वर आलं नाही.

चंद्र्या तिकडे पाहत उभा होता. अर्जुनरावानं कासरा ओढला नाही. तोही तिकडेच पाहत राहिला, जिथं माणूस आहे हे माहीत होतं आणि दिसत नव्हता. मग खोकला थांबला, आणि तो बैलाला म्हणाला, "चाल बाप्पा."

चंद्र्या लगेच निघाला नाही.